खाजनातला कोरगुट आणि सेंद्रियतेचा शिक्का

गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन आहे. मांडवी, झुवारीसारख्या नद्यांच्या काठची ही सखल शेते बांध नसते तर रोज भरतीखाली गेली असती. बांधात बसवलेली मानस, म्हणजे लाकडी दारांची झडप, भरतीच्या दाबाने मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. एरवी माणसाने हात लावायचीही गरज नाही.

सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस मातीतले मीठ धुऊन नेतो आणि मग कोरगुट, म्हणजे खारेपणा सोसणारा इथला पारंपरिक भात, पेरला जातो. साध्या भाताला मातीतली क्षारता (ती डेसिसीमेन्स प्रति मीटर या एककात मोजतात) ३ च्या वर गेली की त्रास सुरू होतो. कोरगुट त्याहून बरीच सोसतो, म्हणून तर जुने गोव्याच्या किनारी कृषी संशोधन संस्थेने त्यातूनच सुधारित वाण निवडले. कापणीनंतर खारे पाणी आत घेतात. भाताची खुंटे कुजतात, त्यावर मासे नि सुंगटे (कोळंबी) पोसतात, गाळ खत होऊन बसतो.

याला सेंद्रिय म्हणायचे का? परंपरेने रासायनिक खत नव्हतेच, तेव्हा म्हणायला हरकत नाही. पण सेंद्रियतेचे प्रमाणपत्र मुख्यतः शेतात काय घातले, काय नाही, एवढेच पाहते. पाणी कुठून आले, बांध कोण राखतो, हे ते क्वचितच विचारते. शाश्वत शेतीचा हिशोब तिथे सुरू होतो. पाणी साचलेल्या भातशेतीतून मिथेन हा हवामान तापवणारा वायू निघतो, मग ती सेंद्रिय असो वा नसो. खाजनात मात्र समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू मिथेन करणाऱ्यांचे अन्न आधीच पळवतात, त्यामुळे तो कमी सुटतो. हा गुण कुठल्याही शिक्क्यावर छापलेला दिसणार नाही.

ताटाचेही तसेच. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१२ मध्ये शेकडो अभ्यास चाळले. सेंद्रिय अन्नात कीटकनाशकांचे अंश कमी सापडले, पण ते अधिक पौष्टिक असल्याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. पोषण पुष्कळदा पिकवण्यापेक्षा कांडण्या-शिजवण्यात ठरते. भात उकडताना कोंड्यातले थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) दाण्यात मुरते, म्हणून उकड्या तांदळाची पेज पॉलिश केलेल्या पांढऱ्या सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळापेक्षा सरस. सेंद्रिय पण पॉलिश केलेला तांदूळ महागात घेणाऱ्यांचे मला नवल वाटते.

पूर्वी बांधांची देखभाल ‘गावकरी’ किंवा कोमुनिदाद, म्हणजे गावाची जमीन सांभाळणारी संस्था, सामूहिकपणे करायची. आता मानशीचा मासेमारीसाठी लिलाव होतो, आणि जास्त मासे मिळावेत म्हणून कुठे कुठे दारे नको तेव्हा उघडी ठेवली जातात. बांध फुटून काही वर्षे खारे पाणी साचले की शेतात खारफुटी उगवते. खारफुटीला सीआरझेडचे, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांचे, संरक्षण आहे, त्यामुळे ती काढून पुन्हा कोरगुट लावणे शेतकऱ्याच्या हाती उरत नाही.