चाहत्यांनी टाकलेल्या टीव्ही क्लिपा आणि कॉपीराइट टेकडाउन

टीव्हीवरच्या कार्यक्रमाचा तुकडा प्रेक्षक रेकॉर्ड करतो, व्हिडिओ संकेतस्थळावर टाकतो, आणि हक्कधारकाच्या तक्रारीवरून किंवा संगणकाने ओळख पटवल्यावरून तो तिथून काढला जातो. या काढण्याला टेकडाउन म्हणतात. तुकडा कशाचाही असू शकतो: मालिकेतला गाजलेला प्रसंग, विनोदी स्किट, मुलाखतीत उडालेली चकमक, कधीच्या बंद पडलेल्या कार्यक्रमाचे शीर्षकगीत. टाकणाऱ्याच्या हाती बहुधा एक पैसाही पडत नाही, पण कायद्यापुढे ही सबब चालत नाही. प्रती काढण्याचा आणि कार्यक्रम लोकांपर्यंत पोचवण्याचा हक्क निर्मात्याकडे किंवा वाहिनीकडे असतो. ‘सर्व हक्क मूळ मालकाचे’ अशी ओळ वर्णनात लिहिल्याने तो हक्क टाकणाऱ्याकडे येत नाही, जरी हजारो व्हिडिओंखाली ती श्रद्धेने लिहिलेली आढळते. असे असूनही या विषयाचा इतिहास चाळला तर एखादी क्लिप राहणार की जाणार, हे कायद्यापेक्षा मालकाच्या त्या वेळच्या सोयीनेच जास्त ठरत आल्याचे दिसते.

पूर्वपीठिका

टीव्हीवरून रेकॉर्डिंग करणे गुन्हा आहे का, हा वाद व्हिडिओ संकेतस्थळांपेक्षा जुना. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये सोनीच्या बेटामॅक्स या व्हिडिओ रेकॉर्डरच्या खटल्यात 5 विरुद्ध 4 मतांनी निकाल दिला, की कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी रेकॉर्ड करणे हा उचित वापर, म्हणजे मालकाच्या परवानगीशिवायही कायद्याला चालणारा वापर, आहे. ते रेकॉर्डिंग जगभर वाटता येईल का, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हता. दरम्यान चाहत्यांचा आपला व्यवहार सुरूच होता. कॅसेटच्या प्रती टपालाने एकमेकांकडे जात. प्रसंग तोडून गाण्यावर नव्याने जोडण्याची ‘व्हिडिंग’ नावाची कलाही रुजली होती. तिची सुरुवात 1975 मध्ये कँडी फाँग यांनी ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांसाठी केलेल्या स्लाइड शोपासून मानतात. एका कॅसेटच्या दहा-वीस प्रतींकडे कुठलीही वाहिनी लक्ष देत नव्हती. यूट्यूब आणि डेलीमोशन ही संकेतस्थळे 2005 मध्ये आली आणि तीच प्रत एका रात्रीत लाखोंच्या पडद्यावर जाऊ लागली.

सुरुवातीची वर्षे

डिसेंबर 2005 मध्ये अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवरच्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’मध्ये ‘लेझी संडे’ हे विनोदी रॅप गीत दाखवले गेले. प्रेक्षकांनी ते यूट्यूबवर टाकले आणि ते पन्नासेक लाख वेळा पाहिले गेले. तोवर यूट्यूबचे नावही न ऐकलेले अनेक जण तिथे पहिल्यांदा गेले ते या गाण्यासाठी. फेब्रुवारी 2006 मध्ये एनबीसीने ते काढायला लावले, आणि जूनमध्ये त्याच वाहिनीने आपल्या कार्यक्रमांची जाहिरात करण्यासाठी यूट्यूबशी करार केला. चार महिन्यांत कायद्यातले एक अक्षरही बदलले नव्हते.

त्याच वर्षी व्हाइट हाउसच्या वार्ताहरांच्या वार्षिक भोजनात टीव्हीवरचे विनोदी कलाकार स्टीफन कोल्बेअर यांनी राष्ट्राध्यक्ष बुश यांच्यासमोर त्यांचीच खिल्ली उडवणारे भाषण केले. सी-स्पॅन या वाहिनीने ते प्रक्षेपित केले होते. मे महिन्यात तिने यूट्यूबवरच्या त्याच्या प्रती काढायला लावल्या आणि नंतर गूगल व्हिडिओवर ते पाहण्याची सोय करून दिली. सार्वजनिक कार्यक्रमाचे चित्रण खाजगी मालमत्तेसारखे आवरले जाते, अशी टीका झाली आणि 2007 मध्ये सी-स्पॅनने आपले नियम बरेच सैल केले. जपानमध्ये जासराक ही संगीत हक्कसंस्था आणि इतर हक्कधारक संस्थांनी मिळून ऑक्टोबर 2006 मध्ये एकाच मागणीत 29,549 व्हिडिओ काढायला लावले. त्यात टीव्ही कार्यक्रम होते, गाणी होती, चित्रपटही होते.

व्हायाकॉमचा खटला

या विषयातला सर्वांत मोठा खटला व्हायाकॉमचा. एमटीव्ही, कॉमेडी सेंट्रल, निकलोडियन या वाहिन्यांच्या मालक कंपनीने फेब्रुवारी 2007 मध्ये यूट्यूबकडे एक लाखाहून अधिक क्लिपा काढण्याची मागणी केली. यूट्यूबने त्या काढल्या. तरी मार्चमध्ये व्हायाकॉमने यूट्यूब आणि तिची नवी मालक गूगल यांच्यावर 1 अब्ज डॉलरचा दावा ठोकला. म्हणणे असे, की तक्रार आल्यावर काढणे पुरेसे नाही. चोरीचा माल येतो हे माहीत असताना दुकान उघडे ठेवणे हाच मुळात गुन्हा.

2010 मध्ये कागदपत्रे खुली झाली तेव्हा दोन्ही बाजूंचे पितळ उघडे पडले. हक्क मोडणारा मजकूर येतो आहे याची यूट्यूबच्या संस्थापकांना कल्पना होती, हे दाखवणारे ईमेल व्हायाकॉमने मांडले. उलट यूट्यूबने सांगितले, की व्हायाकॉमने किमान 18 जाहिरात संस्था नेमून आपलेच व्हिडिओ गुपचूप यूट्यूबवर टाकले होते. ते चोरून आणल्यासारखे वाटावेत म्हणून मुद्दाम खराब केले होते, आणि अपलोडचा माग लागू नये म्हणून माणसे बाहेरच्या छपाई-झेरॉक्सच्या दुकानांतल्या संगणकांवर पाठवली होती. पुढे यांतले काही व्हिडिओ व्हायाकॉमच्याच दुसऱ्या विभागाने तक्रार करून काढायला लावले आणि मग परत ठेवण्याची विनंती केली, असेही यूट्यूबचे म्हणणे होते. कोणती क्लिप अधिकृत आणि कोणती नाही हे खुद्द मालकालाच सांगता येत नसेल, तर संकेतस्थळाने ते कसे ओळखावे, हा यूट्यूबचा युक्तिवाद बिनतोड नसला तरी झोंबणारा होता.

जिल्हा न्यायाधीश लुई स्टँटन यांनी जून 2010 मध्ये यूट्यूबच्या बाजूने निकाल दिला. एप्रिल 2012 मध्ये अपील न्यायालयाने खटला फेरविचारासाठी परत पाठवला: उल्लंघन होते एवढे सर्वसाधारण ज्ञान पुरत नाही, ठरावीक क्लिपांची माहिती होती का आणि जाणूनबुजून डोळेझाक झाली का, ते पाहा. एप्रिल 2013 मध्ये स्टँटन यांनी पुन्हा यूट्यूबलाच कौल दिला. मार्च 2014 मध्ये तडजोड झाली. अटी जाहीर झाल्या नाहीत.

कायद्याची चौकट

व्हायाकॉम हरली ती अमेरिकेच्या 1998 च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्यामुळे. त्याच्या कलम 512 प्रमाणे, रीतसर नोटीस आल्यावर संकेतस्थळाने मजकूर तत्परतेने काढला तर नुकसानभरपाईतून त्याची सुटका होते. टाकणारा प्रतिनोटीस देऊ शकतो, आणि तक्रारदाराने दावा दाखल केला नाही तर 10 ते 14 कामाच्या दिवसांत व्हिडिओ परत ठेवला जातो. कागदावर तराजू समतोल दिसतो, प्रत्यक्षात तो झुकलेला आहे. काढायला एक नोटीस पुरते. परत आणायला टाकणाऱ्याला आपले खरे नाव-पत्ता देऊन न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य करावे लागते. टोपणनावाने वावरणारा चाहता एका मिनिटाच्या प्रसंगासाठी मोठ्या कंपनीला आपला पत्ता कळवेल, हे संभवत नाही. आणखी एक बारकावा सहसा नजरेतून सुटतो: नोटिशीतले ‘खोटे असल्यास शपथभंगाची शिक्षा’ हे बंधन तक्रारदार हक्कधारकाच्या वतीने बोलतो आहे, एवढ्याच विधानाला लागू होते, उल्लंघन झाले आहे या विधानाला नाही.

उचित वापराचा प्रश्न इथेच येतो. टीका, विडंबन किंवा विश्लेषणासाठी तुकडा वापरणे अनेकदा कायदेशीर असते. 2007 मध्ये व्हायाकॉमने कोल्बेअर यांच्या कार्यक्रमावरचे एक विडंबन काढायला लावले, ते करणाऱ्या संस्था न्यायालयात गेल्यावर चूक मान्य केली आणि खटला मिटला. घरगुती व्हिडिओत मागे वाजणाऱ्या 29 सेकंदांच्या गाण्यावरून झालेल्या युनिव्हर्सल म्युझिकच्या खटल्यात अपील न्यायालयाने 2015 मध्ये म्हटले, की नोटीस धाडण्यापूर्वी उचित वापराचा विचार करणे बंधनकारक आहे. मात्र तो विचार प्रामाणिक असला म्हणजे झाले, बरोबर असायलाच हवा असे नाही. त्यामुळे निकाल चाहत्यांच्या बाजूचा म्हणून गाजला तेवढा कामी आला नाही.

इतर देशांत तपशील बदलतो. भारताच्या 1957 च्या कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने कलम 52(1)(क) नवे आले. तक्रार आल्यावर संकेतस्थळाने 21 दिवस तो मजकूर बंद ठेवायचा, आणि तेवढ्यात तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही तर पुन्हा खुला करता येतो. नियमांनुसार बंद करण्याची मुदत 36 तासांची आहे. युरोपीय संघाच्या 2019 च्या निर्देशाचे कलम 17 मोठ्या संकेतस्थळांवर थेट जबाबदारी टाकते, पण अवतरण, टीका आणि विडंबन यांना जागा ठेवण्याची सक्तीही करते. जपानच्या कायद्यात उचित वापराची व्यापक तरतूदच नाही.

यंत्राची नजर

आज बहुतेक क्लिपांना माणसाची नोटीस लागतच नाही. यूट्यूबने 2007 मध्ये आणलेली कंटेंट आयडी यंत्रणा हक्कधारकाने दिलेल्या मूळ फाइलवरून आवाजाचा आणि चित्राचा ठसा तयार करते, आणि येणारा प्रत्येक व्हिडिओ त्या ठशांशी ताडून पाहते. जुळले की मालकाने आधीच ठरवून ठेवल्याप्रमाणे तीनपैकी एक गोष्ट होते: व्हिडिओ बंद, नुसती नोंद, किंवा जाहिरातींचे पैसे मालकाला. देशागणिक निवड वेगळी असू शकते; म्हणून एकच क्लिप इथे दिसते आणि सीमेपलीकडे दिसत नाही. हा झाला ‘क्लेम’. नोटिशीने मिळणारा ‘स्ट्राइक’ निराळा आणि जास्त कडक: 90 दिवसांत तीन स्ट्राइक झाले की चॅनेल जाते.

यूट्यूबच्या पहिल्या पारदर्शकता अहवालानुसार 2021 च्या पहिल्या सहामाहीत 72 कोटींहून अधिक कंटेंट आयडी क्लेम झाले आणि त्यांतले 99 टक्क्यांवर यंत्राने केले. एक टक्क्याहून कमी क्लेमना कुणी आव्हान दिले. पण आव्हान दिलेल्यांपैकी 60 टक्के प्रकरणांत निकाल टाकणाऱ्याच्या बाजूने लागला. एक टक्क्याच्या आकड्यावरून यंत्रणा अचूक असल्याचा निष्कर्ष काढणाऱ्यांनी 60 टक्क्यांचाही वाचावा. बहुसंख्य मालक आता व्हिडिओ बंद करण्याऐवजी कमाई पसंत करतात, म्हणजे चोरीचा मालच मालकासाठी दुकान चालवतो.

यंत्र जुळणी पाहते, हेतू पाहत नाही, आणि आधी कोण आले तेही पाहत नाही. मे 2016 मध्ये फॉक्सच्या ‘फॅमिली गाय’ने ‘डबल ड्रिबल’ या जुन्या व्हिडिओ गेमची यूट्यूबवर कित्येक वर्षे असलेली क्लिप उचलून एका भागात वापरली. भाग प्रक्षेपित झाल्यावर यंत्राने मूळ क्लिपच फॉक्सची नक्कल ठरवून काढून टाकली. ती परत आली, पण बोभाटा झाल्यावर. ऑगस्ट 2012 मध्ये नासाने मंगळावर क्युरिऑसिटी उतरवली आणि नासाचाच व्हिडिओ एका वृत्तसंस्थेच्या दाव्यामुळे काही काळ अदृश्य झाला.

चाहत्यांनीही तोडगे काढले. चित्र आरशातल्यासारखे उलटे करणे, चौकटीत लहान दाखवणे, आवाजाची पट्टी किंचित चढवणे, वेग थोडा वाढवणे. 2006 मध्ये यूट्यूबने 10 मिनिटांची मर्यादा घातली तेव्हा पूर्ण भाग तीन तुकड्यांत येऊ लागले. यातले बरेचसे आता चालत नाही, आणि चालते तिथे प्रसंग पाहण्याजोगा उरत नाही.

जतनाचा प्रश्न

एका कार्यक्रमावर अनेकांचे हक्क असतात: निर्माता, वाहिनी, संगीतकार, कधी एखाद्याच देशापुरता परवाना घेतलेला वितरक. म्हणूनच कित्येक जुने कार्यक्रम अधिकृतपणे कुठेच मिळत नाहीत. ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ ही अमेरिकी मालिका 2007 मध्ये डीव्हीडीवर आली, तेव्हा हक्कांच्या खर्चामुळे तिच्यातली अनेक मूळ गाणी बदलावी लागली. मूळ प्रक्षेपण जसे होते तसे उरले ते प्रेक्षकांच्या कॅसेटांत. बीबीसीने 1960 आणि 70 च्या दशकांत ‘डॉक्टर हू’चे अनेक भाग पुसून टाकले, हरवलेल्या सगळ्या भागांचा आवाज आज उपलब्ध आहे, कारण काही प्रेक्षकांनी तो घरी टेपवर उतरवून ठेवला होता. फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स यांनी 1970 च्या दशकापासून 2012 मध्ये मृत्यू होईपर्यंत रात्रंदिवस बातम्या रेकॉर्ड केल्या आणि सुमारे 70,000 कॅसेट मागे ठेवल्या. त्या पुढे इंटरनेट आर्काइव्हकडे गेल्या.

कॅसेट घरात राहते, क्लिप दुसऱ्याच्या सर्व्हरवर. तिसऱ्या स्ट्राइकने चॅनेल बंद होते तेव्हा तक्रार असलेल्या तीन व्हिडिओंबरोबर बाकीचे शेकडोही जातात, ज्यांवर कुणाचाही आक्षेप नव्हता आणि ज्यांचा मालक कोण हेही अनेकदा सांगता येत नाही.