घरगुती संगणकाची बिनखर्ची सुरक्षा व ऑनलाइन खासगीपणा

घरातल्या संगणकात घातक प्रोग्रॅम शिरू नयेत, त्यातल्या फायली आणि खाती परक्याच्या हाती पडू नयेत आणि इंटरनेटवरच्या आपल्या वावराची टिपणे कोणी परस्पर ठेवू नयेत, यासाठी पदरचे पैसे न घालता करता येणारे उपाय. यात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र नांदतात. सुरक्षा म्हणजे चोराला आत येऊ न देणे. खासगीपणा म्हणजे ज्याला आपणच दार उघडले त्याने घरभर डोकावू नये हे पाहणे. पहिल्यात समोर गुन्हेगार असतो, दुसऱ्यात बहुधा राजरोस धंदा करणारी कंपनी. म्हणूनच अँटिव्हायरस कितीही तरबेज असला तरी जाहिरातदारांचा पाठलाग तो थांबवत नाही, आणि ट्रॅकर (पानांत दडून आपला माग काढणारे कोड) अडवणारा ब्राउझर चोरीला गेलेला पासवर्ड परत आणून देत नाही.

मोफत, पण कोणाच्या खर्चाने?

मोफत साधने तीन वाटांनी येतात. काही ऑपरेटिंग सिस्टिमबरोबरच मिळतात. त्यांचा खर्च यंत्राच्या किंवा परवान्याच्या किमतीत आधीच वसूल झालेला असतो. काही मुक्तस्रोत, म्हणजे कोणालाही कोड पाहता येईल अशी, असतात आणि देणग्यांवर, संस्थांच्या पाठबळावर किंवा एखाद्या चिवट माणसाच्या फावल्या वेळावर चालतात. पासवर्ड सांभाळणारे कीपास डोमिनिक राइख्ल यांनी २००३ मध्ये आणले. जाहिराती व ट्रॅकर अडवणारे यूब्लॉक ओरिजिन रेमंड हिल यांचे, आणि ते तर देणग्याही घेत नाहीत. तिसरी वाट कंपन्यांच्या मोफत आवृत्त्यांची. ही आवृत्ती बहुधा विकत घ्यायच्या आवृत्तीची जाहिरात असते, त्यात गैर काही नाही. कधी कधी मात्र वापरणाऱ्याची माहिती हाच विक्रीचा माल असतो.

अव्हास्ट या अँटिव्हायरस कंपनीचे प्रकरण याचे ठळक उदाहरण. तिच्या सॉफ्टवेअरने जमवलेला लोकांच्या ब्राउझिंगचा तपशील जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकला जात होता. बोभाटा झाल्यावर जानेवारी २०२० मध्ये जंपशॉट गुंडाळण्यात आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्यास आणि असा तपशील जाहिरातींसाठी न विकण्यास भाग पाडले. पाठलागापासून वाचवतो म्हणणारा राखणदारच पाठलागाची वही लिहीत होता.

राखणदाराची नियत साफ असली तरी धोका उरतोच. २०१७ मध्ये सीक्लीनर या साफसफाईच्या लोकप्रिय प्रोग्रॅमच्या अधिकृत आवृत्तीतच घुसखोरांनी घातक कोड मिसळला. कंपनीच्या खऱ्या डिजिटल सहीनिशी ती आवृत्ती सुमारे २२ लाख ७० हजार यंत्रांवर पोचली. संगणकात घेतलेला प्रत्येक नवा प्रोग्रॅम म्हणजे एक नवे दार असते. त्यामुळे फुकट मिळतात म्हणून पाच-सहा ‘सुरक्षा’ प्रोग्रॅम गोळा करणाऱ्याचा संगणक काहीही न घेणाऱ्यापेक्षा अधिक उघडा असू शकतो. ‘रजिस्ट्री’ (विंडोजच्या मांडणीची अंतर्गत नोंदवही) ‘साफ’ करणारे आणि ‘वेग वाढवणारे’ प्रोग्रॅम तर घरच्या यंत्राला लागतच नाहीत.

अंगभूत संरक्षण

फ्लॉपीवरून फिरणाऱ्या ब्रेन या व्हायरसपासून (१९८६) पुढे सुमारे दोन दशके अँटिव्हायरस ही वेगळी विकत आणायची वस्तू होती. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने (मोठ्या अपडेटने) फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी भिंत, आपोआप चालू ठेवायला सुरुवात केली, २०१२ च्या विंडोज ८ मध्ये डिफेंडर हा पूर्ण अँटिव्हायरस म्हणून आतच आला. अ‍ॅपलच्या मॅकओएसमध्ये एक्सप्रोटेक्ट ही घातक प्रोग्रॅमची तपासणी २००९ पासून आहे. आज घरच्या विंडोज संगणकाला डिफेंडर पुरतो; त्यावर दुसरा अँटिव्हायरस चढवायचे सबळ कारण सहसा नसते. एखाद्या फायलीचा संशय आलाच, तर ती व्हायरसटोटल या संकेतस्थळावर चढवून अनेक अँटिव्हायरसांचा कौल एकदम घेता येतो. पण तिथे चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना पाहायला मिळते, तेव्हा घरची कागदपत्रे तिकडे पाठवू नयेत.

खरे काम करतात ती अपडेट. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हे खंडणीखोर (फायली कुलूपबंद करून सोडवणुकीचे पैसे मागणारे) सॉफ्टवेअर सुटले आणि दीडशेहून अधिक देशांत पसरले. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतल्या रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. ज्या भोकातून ते शिरत होते ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिले होते, म्हणजे ५९ दिवस आधी. बळी पडलेली बहुसंख्य यंत्रे जुनाट एक्सपीची असतील असा अनेकांचा समज झाला. प्रत्यक्षात ती विंडोज ७ ची होती. त्यांच्यासाठी अपडेट तयार होते, फक्त कोणी ते घेतले नव्हते. ‘नंतर आठवण करा’ हे बटण किती महागात पडू शकते, याचा हा हिशेब.

अपडेट येणेच थांबलेल्या यंत्राचे काय, हा प्रश्न वेगळा. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या संगणकावर विंडोज ११ चढत नाही त्यावर लिनक्स या मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिमची एखादी सोपी आवृत्ती विनामूल्य घालता येते, आणि ब्राउझर, मेल व लिखाण एवढेच काम असेल तर फरक आठवड्याभरात अंगवळणी पडतो.

नावातली फसगत

४ मे २००० रोजी जगभर ‘आय लव्ह यू’ या विषयाच्या मेल धडकल्या. सोबतच्या फायलीचे नाव होते ‘लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस’. शेवटचे ‘व्हीबीएस’ म्हणजे चालणारा प्रोग्रॅम. पण विंडोज ओळखीच्या फायलींच्या नावाचे शेपूट लपवते, त्यामुळे पाहणाऱ्याला दिसले ते ‘टीएक्सटी’, साधे पत्र. पाव शतक उलटले तरी विंडोज हे शेपूट मुळात लपवतेच. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ यादीतील ‘शो’ मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेंशन्स’ वर खूण करावी; मग ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ आपले खरे नाव सांगते. सगळ्या उपायांत याइतका स्वस्त दुसरा नाही, आणि इतका दुर्लक्षितही नाही.

रोजच्या वापरासाठी प्रशासक हक्क नसलेले साधे खाते ठेवणे हाही तसाच उपाय. चुकून उघडलेल्या प्रोग्रॅमला मग सिस्टिममध्ये बदल करण्यापूर्वी पासवर्ड मागावा लागतो.

पासवर्ड

अनेक संकेतस्थळांना एकच पासवर्ड ठेवणे ही घरगुती वापरातली सर्वांत मोठी चूक. एका ठिकाणची यादी फुटली की चोर नाव-पासवर्डची तीच जोडी इतर सगळीकडे लावून पाहतात. म्हणून प्रत्येक खात्याचा पासवर्ड वेगळा, लांब आणि अर्थहीन असावा, आणि तो लक्षात ठेवायचे काम पासवर्ड व्यवस्थापकाने करावे. कीपास व कीपासएक्ससी पासवर्डांची ही तिजोरी आपल्याच संगणकावरच्या एका कूटबद्ध फायलीत ठेवतात. बिटवॉर्डनची मोफत आवृत्ती ती निरनिराळ्या यंत्रांवर उपलब्ध करून देते. याचा एक फायदा सहसा सांगितला जात नाही: ब्राउझरला जोडलेला व्यवस्थापक पत्त्यातले संकेतस्थळाचे नाव अक्षर न् अक्षर जुळल्याशिवाय पासवर्ड भरत नाही. हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानाला माणूस फसतो, व्यवस्थापक फसत नाही. त्याने कधी पासवर्ड भरायला नकार दिला, तर हाताने टंकण्याआधी पत्ता पुन्हा वाचावा.

तिजोरीचा एक पासवर्ड तेवढा पाठ करावा लागतो. त्यासाठी आर्नोल्ड राइनहोल्ड यांची १९९५ ची डाइसवेअर पद्धत अजूनही उत्तम. फासा पाच वेळा टाकायचा; समजा ४, १, ६, २, ३ पडले, तर यादीतील ४१६२३ क्रमांकाचा शब्द घ्यायचा. पाच फाशांच्या ७,७७६ शक्यता, म्हणून यादीत ७,७७६ शब्द. असे सहा शब्द घेतले की शक्यतांची संख्या २ वर २३ शून्ये यांच्याही पुढे जाते. शब्द आवडला नाही म्हणून बदलायचा नाही. आपली आवडनिवड शिरली की गणित कोसळते. तिजोरीचा पासवर्ड कागदावर लिहून कुलपात ठेवणे यात कमीपणा काही नाही. दूरदेशीच्या चोराला कागद वाचता येत नाही.

आपला पासवर्ड फुटलेल्यांच्या यादीत आहे का, हे ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या संकेतस्थळावर पाहता येते. तपासण्यासाठी पासवर्डच देऊन टाकायचा का, ही शंका रास्त. पण इथली युक्ती सुरेख आहे. आपला ब्राउझर पासवर्डचे चाळीस अक्षरी गणिती सार काढतो आणि त्याची फक्त पहिली पाच अक्षरे पाठवतो. तिकडून त्या पाच अक्षरांनी सुरू होणारी शेकडो सारे परत येतात आणि जुळवाजुळव आपल्याच संगणकावर होते. समोरच्याला पूर्ण सार कळत नाही, पासवर्ड तर नाहीच.

याला दुहेरी पडताळणीची, म्हणजे पासवर्डबरोबर आणखी एक पुरावा मागण्याची, जोड हवी. दर तीस सेकंदांनी बदलणारा सहा अंकी आकडा दाखवणारी मोफत अ‍ॅप एसएमएसपेक्षा बरी, कारण आपला नंबर ठकाने स्वतःच्या सिमकार्डावर फिरवून घेण्याच्या फसवणुकीला ती दाद देत नाहीत. सर्वांत आधी ती मेलच्या खात्याला लावावी. बाकी सगळे पासवर्ड त्याच खात्यातून बदलता येतात.

पाठलाग

लू माँटुली यांनी १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझरसाठी कुकी, म्हणजे संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी चिठ्ठी, घडवली ती संकेतस्थळाला आपली ओळख लक्षात राहावी म्हणून. पुढे एकाच जाहिरात कंपनीचा तुकडा हजारो पानांवर बसू लागला आणि तीच कुकी पानोपानी माग काढू लागली. सफारीने मार्च २०२० पासून अशा परक्या कुकी पूर्ण अडवल्या. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगळ्या बरणीत ठेवायला घेतल्या. क्रोमने त्या हटवण्याचा बेत वर्षानुवर्षे पुढे ढकलत शेवटी सोडून दिला. क्रोम बनवणाऱ्या कंपनीचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींचे आहे, हे ध्यानात घेतले की आश्चर्य वाटत नाही. फायरफॉक्स आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन ही जोडी बहुतेकांना पुरेशी आहे. क्रोमवर आता त्याची ‘लाइट’ ही कमी ताकदीची आवृत्तीच चालते.

कुकी पुसूनही माग राहतो. पडद्याचा आकार, बसवलेले फाँट, टाइमझोन यांच्या बेरजेतून ब्राउझरचा जणू अंगठ्याचा ठसा तयार होतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० मध्ये जाहीर केलेल्या प्रयोगात तपासलेल्या ४,७०,१६१ ब्राउझरांपैकी ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. गंमत अशी की खासगीपणाच्या हौसेने दहा-बारा एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) चढवली की ब्राउझर गर्दीतून आणखीच उठून दिसतो. ‘इन्कॉग्निटो’ खिडकीचा समजही चुकीचा: ती आपल्या संगणकावर इतिहास ठेवत नाही एवढेच, संकेतस्थळ आणि इंटरनेट देणारी कंपनी यांना दिसायचे ते दिसतेच.

ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हाचेही तसेच. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने २०१५ पासून एचटीटीपीएस (कूटबद्ध जोडणी) प्रमाणपत्रे फुकट वाटायला घेतली, त्यामुळे वाटेत डोकावणे अवघड झाले. पण ठकांनाही कुलूप फुकट मिळाले. कुलूप वाट सुरक्षित असल्याचे सांगते, पलीकडे कोण बसले आहे ते नाही.

मोफत व्हीपीएन (आपली सगळी वाहतूक आपल्या सर्व्हरमधून नेणारी सेवा) घेण्यापेक्षा न घेणे बरे. व्हीपीएन विश्वासाची जागा बदलते; जे इंटरनेट कंपनीला दिसत होते ते आता त्या चालकाला दिसते, आणि जगभर सर्व्हर चालवणे खर्चाचे असते. २०१५ मध्ये उघड झाले की होला या मोफत सेवेत वापरणाऱ्यांचीच जोडणी दुसऱ्या ग्राहकांना विकली जात होती. ओळख खरोखरच लपवायची असेल तर टॉर ब्राउझर आहे. तो वाहतूक तीन निरनिराळ्या सर्व्हरांमधून नेतो, आणि त्या तिघांपैकी कोणाही एकाला दोन्ही टोके दिसत नाहीत. वेग मात्र मंदावतो.

सगळे फसले तर

महत्त्वाच्या फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर असावी आणि प्रत काढून झाली की डिस्क सोडवून ठेवावी. जोडलेली डिस्क खंडणीखोर सॉफ्टवेअर मूळ फायलींबरोबरच कुलूपबंद करते. अधूनमधून एखादी फाइल प्रतीवरून उघडून पाहावी. प्रत नसेल आणि फायली अडकल्या असतील, तर जुलै २०१६ मध्ये नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर अशा सॉफ्टवेअरच्या अनेक जातींच्या किल्ल्या मोफत मिळतात. आज किल्ली नसली तरी अडकलेल्या फायली पुसू नयेत, वेगळ्या डिस्कवर तशाच ठेवाव्यात; टोळी पकडली गेली किंवा तिच्या कोडमध्ये चूक सापडली की काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, किल्ली बाहेर येते.