सातच्या बातम्यांपासून ‘लँडिंग’पर्यंत: वृत्तवाहिन्यांचं वेळापत्रक का हलतं

एखादी मराठी वृत्तवाहिनी नऊची चर्चा उचलून साडेआठला आणते, सकाळचं राशिभविष्य अर्धा तास पुढे सरकवते, दुपारच्या शांत बातमीपत्राचं ‘शंभर बातम्या’ करून टाकते. विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: आकडे, म्हणजे टीआरपी. गेल्या दहा वर्षांतले असले बदल समजून घ्यायचे तर त्या आकड्यांत नेमकं काय मोजलं जात होतं, तिथपर्यंत जावं लागतं.

आधीच्या काळात वेळ पक्की होती आणि बातम्या तिच्यात बसवल्या जायच्या. दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. सातच्या बातम्यांवर घरातलं घड्याळ लावणारी पिढी अजून आपल्यात आहे. पुढे १९९५मध्ये सरकारी मेट्रो वाहिनीवर खासगी निर्मात्याचं वीस मिनिटांचं हिंदी बातमीपत्र आलं आणि बातमी वाचण्याऐवजी सांगायची पद्धत रुळली. २०००च्या अखेरीस त्याचीच चोवीस तासांची वाहिनी झाली. मराठीत मनोरंजन वाहिन्यांवर अर्ध्या तासाची बातमीपत्रं होतीच. पूर्णवेळ वृत्तवाहिन्या आल्या २००७मध्ये, एकाच वर्षात दोन. एप्रिल २००८मध्ये तिसरी.

वाहिनी चोवीस तासांची झाली, बातम्या मात्र तेवढ्या नव्हत्या. म्हणून दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे ‘बँड’ पडले: पहाटे भक्ती आणि भविष्य, सकाळी वेगवान हेडलाइन, दुपारी गुन्हे, संध्याकाळी चर्चा. हे चक्र थांबवून एकाच घटनेवर बसून राहायचं, हा धडा जुलै २००६चा. कुरुक्षेत्राजवळ बोअरवेलमध्ये पडलेल्या मुलाला बाहेर काढेपर्यंत हिंदी वाहिन्या जवळपास पन्नास तास तिथून हलल्या नाहीत. मराठीत त्याची मोठी आवृत्ती दिसली २३ नोव्हेंबर २०१९च्या सकाळी. आठच्या सुमारास शपथविधी उरकला होता आणि बहुतेक ठिकाणी पडद्यावर रेकॉर्ड केलेला कार्यक्रम चालू होता. त्यानंतर सकाळचा बँड लाइव्ह ठेवायचा आग्रह वाढला. जून २०२२मध्ये सुरत-गुवाहाटीच्या दिवसांत तर वेळापत्रक नावाचा प्रकारच उरला नाही. ‘काय झाडी, काय डोंगार’ या फोनवरच्या एका संभाषणाने कित्येक ठरलेले कार्यक्रम गिळले.

मराठी वाहिन्यांची आणखी एक अडचण हिंदीवाल्यांना कळत नाही. संध्याकाळी सात ते दहा या वेळेत घरातला टीव्ही मालिकांकडे असतो. म्हणजे ज्या वेळेला ‘प्राइमटाइम’ म्हणायचं त्याच वेळेत प्रेक्षक दुसरीकडे. बातमीचा हक्काचा वेळ सकाळचा, जेवणानंतरचा आणि मालिकांच्या जाहिरातींमधला. ही कोंडी लक्षात ठेवली की पुढचा ‘लँडिंग’चा खेळ मराठीत एवढा का चालला ते कळतं.

शब्द फसवा आहे. ‘लँडिंग पेज’मध्ये पेज वगैरे काही नसतं. सेट टॉप बॉक्स सुरू केला की आपण काहीही न दाबता जी वाहिनी आपोआप उघडते, ती जागा म्हणजे लँडिंग. ती केबलवाल्याच्या किंवा डीटीएच कंपनीच्या हातात असते आणि विकली जाते. न्यूजरूममध्ये ‘त्यांनी लँडिंग घेतलंय’ एवढंच म्हटलं जातं आणि समोरच्याला सगळं समजतं. काही जण एकच वाहिनी दोन क्रमांकांवर दाखवण्यालाही याच नावाने ओळखतात, पण ती भानगड वेगळी. मे २०१७मध्ये एक नवी इंग्रजी वृत्तवाहिनी अनेक क्रमांकांवर दिसू लागली तेव्हा प्रतिस्पर्धी वाहिन्यांनी मोजणीतूनच अंग काढून घेतलं होतं, ते या दुसऱ्या प्रकारावरून.

आता मोजणी कशी होते ते पाहू. प्रत्येक वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते. निवडलेल्या घरातलं मीटर ती खूण ओळखतं आणि घरातल्या माणसाने आपलं बटण दाबलं की कोण पाहतंय याची नोंद होते. २०२०च्या सुमारास अशी घरं देशभरात सुमारे ४४,००० होती. टीव्ही असलेली घरं २१ कोटी. सात वाजायला दोन मिनिटं असताना आजी मालिकेसाठी टीव्ही लावतात. बॉक्स जुना, सावकाश जागा होणारा. पडद्यावर वृत्तनिवेदक ओरडतोय. चष्मा सापडेपर्यंत, क्रमांक आठवेपर्यंत तो ओरडतच राहतो. मीटर आवाजाची खूण टिपतं. आजींनी बातमी पाहिली का? मीटरच्या लेखी पाहिली. त्यात वीज गेली-आली की बॉक्स पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि पुन्हा तीच वाहिनी समोर येते. भारनियमनाच्या गावात लँडिंगला वेगळीच बरकत असते.

वाहिन्यांचा बचाव असा की वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरची जाहिरात लोक मागून घेत नाहीत, तरी ती दिसतेच. मग हीसुद्धा प्रसिद्धीच. प्रसिद्धी म्हणून ती ठीकच आहे. पण पहिल्या पानावरची जाहिरात दिसली म्हणून वर्तमानपत्राचा खप वाढला असं कोणी धरत नाही. इथे मात्र दिसणं हेच पाहणं म्हणून मोजलं गेलं.

दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने नोव्हेंबर २०१७मध्ये, आणि नव्याने डिसेंबर २०१८मध्ये, मोजल्या जाणाऱ्या वाहिन्या लँडिंगवर ठेवू नयेत असे निर्देश दिले. मे २०१९मध्ये अपील न्यायाधिकरणाने ते रद्द केले. नियामक सर्वोच्च न्यायालयात गेला. मधल्या काळात चेंडू प्रेक्षक मोजणाऱ्या ‘बार्क’ या संस्थेकडे आला आणि २०२०च्या सुरुवातीला तिने लँडिंगचा फुगवटा कमी करणारं गणित आपल्या पद्धतीत बसवलं. म्हणजे विकायला मोकळीक आणि विकल्याचा परिणाम गणिताने पुसायचा. हा तोडगा सोयीचा होता, पण पुसलं किती आणि उरलं किती हे बाहेरच्याला कधीच नीट दिसलं नाही.

या वादाची चर्चा सहसा पैशांच्या अंगाने होते. माझ्या मते जास्त नुकसान झालं ते संपादकीय निर्णयांचं. नवा कार्यक्रम सुरू होताना त्याच आठवड्यात लँडिंगही घेतलं जातं. गुरुवारी आकडे येतात, आलेख उडालेला असतो, नव्या कार्यक्रमाचं कौतुक होतं आणि त्याच्यासाठी काढून टाकलेला जुना कार्यक्रम कायमचा जातो. दोन महिन्यांनी लँडिंगचे पैसे थांबतात, आलेख खाली येतो आणि खापर निवेदकावर फुटतं. जाणकार अशा वेळी दोन रकाने शेजारी ठेवतात: किती लोकांपर्यंत पोहोचलं आणि प्रत्येकाने किती वेळ पाहिलं. पहिला फुगलेला आणि दुसरा रोडावलेला दिसला की कार्यक्रमाबद्दल काहीही अनुमान काढू नये. पण बैठकीत पहिलाच रकाना मोठ्याने वाचला जातो.

ऑक्टोबर २०२०मध्ये आकड्यांतल्या फेरफाराचं प्रकरण मुंबई पोलिसांनी उघड केल्याचं जाहीर केलं आणि आठवड्याभरात वृत्तवाहिन्यांची मोजणी थांबली. बारा आठवड्यांसाठी म्हणून थांबली, ती मार्च २०२२पर्यंत. सतरा महिने गुरुवार कोरडे गेले. या काळात वाहिन्या मोकळ्या होतील, संथ, सविस्तर काही करून पाहतील अशी भाबडी आशा होती. वेळापत्रकं जवळपास तशीच राहिली. मीटरची जागा यूट्यूबवरच्या ‘आत्ता पाहणारे’ या आकड्याने घेतली. तो तर दर सेकंदाला हलतो, त्यामुळे चर्चेतल्या पाहुण्याने आवाज चढवला की तो वाढल्याचं तिथल्या तिथे दिसतं.

मोजणी परतली ती चार आठवड्यांची सरासरी घेऊन. हेतू चांगला: एका आठवड्याच्या उड्या दिसू नयेत. पण कार्यक्रम आखणाऱ्याला ती वेगळ्या रीतीने नडते. समजा एखाद्या वेळेला २० आकडा मिळत होता आणि बदलानंतर पहिल्याच आठवड्यात तो ४० झाला. कागदावर दिसणार २५. उलट, सपाटून पडलेला कार्यक्रमही महिनाभर आधीच्या पुण्याईवर तगतो. म्हणून हल्ली बदल जाहीर झाला की आधी तारीख बघावी. पाचव्या गुरुवारच्या आत तो कार्यक्रम हलवला गेला, तर ते आकड्यांमुळे झालं असं वाहिनीने सांगितलं तरी त्यावर विश्वास ठेवण्याचं कारण नाही. तोवरच्या प्रत्येक कागदात जुन्या वेळापत्रकाचे आठवडे मिसळलेले असतात.