पार्श्वभूमी : रुग्णाची फाइल, 72 तास आणि काउंटरवरची पोच

सोलापुरातल्या खासगी रुग्णालयांत उपचारांच्या फाइलीची मागणी डॉक्टरांच्या केबिनमध्ये क्वचितच होते. ती होते रिसेप्शनवर. अक्कलकोट, इंडी किंवा तुळजापूरहून आलेला मुलगा किंवा जावई खिडकीशी उभा राहतो आणि सगळे पेपर मागतो. ‘डॉक्टर कॉन्फरन्सला गेलेत, सोमवारी या’ हे उत्तर त्याला मिळतं, तेव्हा ते देणाऱ्या कर्मचाऱ्याला कल्पना नसते की कागद देण्याची 72 तासांची मुदत मोजणं सुरू झालेलं आहे.

या मुदतीचा इतिहास फार जुना नाही. राज्यातला नर्सिंग होम नोंदणीचा कायदा 1949 चा, पण त्याचा भर जागा, परिचारिका आणि नोंदणीवर होता. कागद रुग्णालयाचे आणि ते दाखवायचे की नाही हे डॉक्टर ठरवणार, असाच समज अनेक दशकं होता. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली आणि केसपेपर हा पुरावा झाला. पुढच्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की गोपनीयतेचं कारण पुढे करून रुग्णाला किंवा जवळच्या नातेवाइकाला त्याच्याच कागदांच्या प्रती नाकारता येणार नाहीत. प्रतींचा खर्च घ्यायला हरकत नाही. गोपनीयता रुग्णासाठी आहे, रुग्णाविरुद्ध नाही, हे इतकं स्पष्ट झाल्यालाही आता बराच काळ लोटला.

2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेने याला आकडे दिले. दाखल रुग्णांची कागदपत्रं उपचार सुरू झाल्याच्या तारखेपासून 3 वर्षं जपायची. रुग्णाने, त्याने अधिकार दिलेल्या माणसाने किंवा कायदेशीर यंत्रणेने मागणी केली तर मागणीची पोच द्यायची आणि 72 तासांत कागद द्यायचे. 72 तासांची मुदत सगळ्यांना पाठ आहे. पोच मात्र विसरली जाते, आणि वाद तिथेच उभा राहतो. अर्ज कधी आला याची नोंद नसेल तर रुग्ण म्हणेल ती तारीख खोडून काढायला रुग्णालयाच्या हातात काहीच उरत नाही.

खरा गुंता त्यानंतरचा आहे. 2018 साली रुग्णहक्कांच्या सनदेचा मसुदा आला. त्यात दाखल असताना शक्यतो 24 तासांत आणि डिस्चार्जनंतर 72 तासांत कागद, अशी मांडणी होती. म्हणजे आकडा तोच, पण मोजायची सुरुवात वेगळी. मग ऑगस्ट 2023 मध्ये डॉक्टरांसाठी नवी नियमावली अधिसूचित झाली. तिने 72 तासांऐवजी कामाचे 5 दिवस दिले आणि 3 वर्षांची मोजणी उपचार सुरू झाल्यापासून न करता रुग्णाच्या शेवटच्या भेटीपासून करायला सांगितली. जेनेरिक, म्हणजे ब्रँडऐवजी मूळ नावाने औषधं लिहिण्याच्या सक्तीवरून डॉक्टरांच्या संघटना उठल्या आणि त्याच महिन्यात सगळी नियमावली स्थगित झाली. 2002 ची संहिता पुन्हा लागू झाली.

स्थगितीचा हा निर्णय औषधांच्या वादातून झाला, पण त्यात नोंदींची चांगली तरतूदही गेली. 5 दिवसांची सवलत गेली याचं दुःख नाही. शेवटच्या भेटीपासून मोजणी हीच शहाणी मोजणी होती. 2002 च्या शब्दांवर अक्षरशः चालायचं तर चार वर्षं डायलिसिस घेणाऱ्या रुग्णाचे पहिल्या वर्षाचे कागद उपचार चालू असतानाच रद्दीत घालता येतील. म्हणून मोजणी शेवटच्या भेटीपासूनच करावी. जास्त काळ जपायला कोणताही नियम आड येत नाही. ग्राहक तक्रारीची मुदत 2 वर्षं आहे आणि उशीर माफ होऊ शकतो. लहान मुलांच्या बाबतीत दिवाणी दाव्याची मुदत सज्ञान झाल्यावर मोजली जाते, त्यामुळे प्रसूती आणि नवजात विभागाच्या फाइली वेगळ्या कपाटात हव्यात. सोनोग्राफीच्या नोंदी 2 वर्षं आणि खटला चालू असेल तर तो निकाली निघेपर्यंत, गर्भपाताचं रजिस्टर 5 वर्षं. मेडिकोलीगल, म्हणजे पोलिस किंवा कोर्टाशी संबंध असलेली फाइल प्रकरण संपेपर्यंत हलवायची नाही.

अर्ज लेखी घ्यावा. लिहिता येत नसेल तर कर्मचाऱ्याने लिहून, वाचून दाखवून अंगठा घ्यावा. आवक क्रमांक, तारीख आणि वेळ टाकून त्याची झेरॉक्स शिक्क्यासह परत द्यावी. ओळखपत्र पाहावं. जावई आला असेल तर रुग्णाचं अधिकारपत्र, रुग्ण हयात नसेल तर नात्याचा पुरावा. पानांवर क्रमांक टाकून मगच झेरॉक्स काढावी, नाहीतर ‘मधली पानं काढली’ हा आरोप खोडता येत नाही. डिस्चार्ज कार्ड म्हणजे फाइल नव्हे. नर्सिंग चार्ट, औषधांचा तक्ता, भूलपत्रक, संमतीपत्र सगळं द्यायचं. बिल बाकी असल्यास प्रती अडवता येतील अशी अट 2002 च्या नियमात कुठेही नाही.

पोलिस आले तर ठाण्याचं लेखी पत्र आणि गुन्हा किंवा आकस्मिक मृत्यूचा क्रमांक घ्यावा. मूळ कागद जप्त होत असतील तर पंचनाम्याची प्रत आणि सगळ्या पानांची झेरॉक्स आपल्याकडे ठेवावी. विमा कंपनीचा तपासनीस किंवा कारखान्याचा व्यवस्थापक मात्र कागद मागू शकणाऱ्यांच्या यादीत नाही. रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय त्याला फोनवर ‘ॲडमिट आहे का’ एवढंही सांगू नये.

सोलापूरची एक अडचण नेहमीची आहे. यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या वस्त्यांतली तेलुगू आडनावं, सीमेपलीकडून येणाऱ्यांची कन्नड नावं कानाला येतील तशी लिहिली जातात. आधारवर एक, केसपेपरवर दुसरं, मग विम्याचा दावा अडकतो आणि कुणीतरी व्हाइटनर लावतो. व्हाइटनर कधीच नको. जुना शब्द दिसेल अशी एक रेघ, शेजारी दुरुस्ती, सही, तारीख, वेळ. नाव ओळखपत्र पाहूनच लिहिलं तर ही वेळ येत नाही. भाषेचा प्रश्न संमतीपत्रात जास्त गंभीर होतो. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की तपासणीसाठीची संमती ही शस्त्रक्रियेची संमती नव्हे, आणि सज्ञान, शुद्धीवर असलेल्या रुग्णाऐवजी आईची संमती चालत नाही. मराठी छापील फॉर्मवर फक्त कन्नड समजणाऱ्या बाईचा अंगठा घेतला तर त्या कागदाला बळ राहत नाही. कोणी, कोणत्या भाषेत समजावलं हे लिहून त्याची सही घ्यावी. समजावणं डॉक्टरांचं काम, दुभाष्याची नोंद ऑफिसची.

2023 चा वैयक्तिक डिजिटल माहितीचा कायदा आणि नोव्हेंबर 2025 मधले त्याचे नियम हा पुढचा टप्पा. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला 18 महिन्यांची मुदत आहे. स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रिपोर्टचे फोटो नावासकट टाकायची सवय त्याआधी सुटायला हवी. एचआयव्हीबाबतची गुप्तता तर 2018 पासूनच कायद्याने बांधलेली आहे. निदानाचा तो शब्द फाइलीच्या कव्हरवर लिहायचा नाही आणि वेटिंग हॉलमध्ये उच्चारायचा नाही.