जुन्या जीपचा दोष आधी शोधा, खर्च मग करा

महिंद्रा एमएम ५४०, एमएम ५५०, मेजर, बोलेरो फोर बाय फोर आणि जुन्या थारच्या मालकांसाठी आमच्या गॅरेजचे माहितीपत्रक

"डिझेल पंप गेलाय" किंवा "इंजिन उघडून करावं लागेल" असे दुसरीकडे ऐकून अनेक जण आमच्याकडे गाडी दाखवायला येतात. काही गाड्यांना ते काम खरोखरच लागते. पण बऱ्याच गाड्यांत दोष निघतो तो डिझेल फिल्टरच्या रबरी रिंगमध्ये, तडकलेल्या पाइपमध्ये किंवा सैल झालेल्या अर्थिंगमध्ये. म्हणून आम्ही सोप्याकडून अवघडाकडे जातो आणि एका वेळी एकच वस्तू बदलतो. तीन पार्ट एकदम बदलून गाडी सुधारली, तर दोष नेमका कशात होता ते ना मालकाला कळते ना मिस्त्रीला.

इगतपुरीच्या कारखान्यात बनलेले २११२ सीसीचे प्यूजो इंजिन असो किंवा नंतरचे २५२३ सीसीचे जुने डीआय, या इंजिनांत डिझेलचा सगळा कारभार यांत्रिक आहे. स्कॅनर लावून कोड वाचायची सोय नाही; कान, नाक, डोळे आणि थोडी हत्यारे एवढ्यावर काम चालते. थार सीआरडीईचे (कॉमन रेल डिझेल, म्हणजे संगणकावर चालणारे इंजिन) मात्र वेगळे आहे, तिचा उल्लेख पुढे जागोजागी येईल.

सकाळी गाडी सुरू होत नाही

सर्वाधिक येणारी तक्रार हीच, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर सांगतो.

आधी सेल्फचा आवाज ऐका. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली गेली की तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटते. सेल्फ रडतरडत फिरत असेल तर ती उष्णता तयारच होत नाही. बॅटरी नवी असूनही सेल्फ मंद फिरत असेल, तर इंजिन आणि चासी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी बघा. जम्पर केबलचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे थेट इंजिनच्या ब्लॉकला लावून सेल्फ मारा. सेल्फ एकदम जोरात फिरला तर दोष अर्थिंगचा. पट्टीची टोके खरवडून घट्ट केली की बहुतेकदा काम होते.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, अशा वेळी सायलेन्सरकडे बघा. धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल पोचतच नाही. ज्या गाडीत पंपावर स्टॉप सोलेनॉइड (डिझेल उघड-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) आहे तिथे चावी फिरवल्यावर बारीक 'टक्' आवाज यायला हवा. तो नसेल तर आधी वायर आणि फ्यूज तपासा. पांढरा धूर येतोय आणि डोळे चुरचुरतात, म्हणजे डिझेल पोचतेय पण पेटत नाही. प्यूजो इंजिनात याचे पहिले कारण हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिनात हवा तापवणारे प्लग. चारपैकी एक गेला तरी इंजिन तीनवर सुरू होते, थरथरते आणि मिनिटभराने सरळ होते. थंडीच्या दिवसांत महाबळेश्वर किंवा कोयनानगरला हे लगेच जाणवते. चारही प्लगना जोडणारी पट्टी काढा आणि साध्या टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी प्लगच्या टोकाला लावा. दिवा लागला नाही तर तो प्लग गेला.

आता गाडी एअर घेते त्याबद्दल. या दोषाने लोकांचे सर्वात जास्त पैसे वाया जातात. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपमधून डिझेल ओढले जाते. तिथे बारीक फट असेल तर बऱ्याचदा डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट बाहेरची हवा आत शिरते. म्हणजे गळती असून खाली थेंब दिसत नाही. रात्रभरात पाइपमधले डिझेल टाकीकडे उतरते आणि सकाळी पंपाला नुसती हवा मिळते. एक चाचणी घरीच करा. एका रात्री गाडी उतारावर तोंड खाली करून लावा, दुसऱ्या रात्री तोंड वर करून. तोंड खाली असताना झटकन सुरू होते आणि वर असताना छळते, तर एअरचा संशय पक्का धरा. गॅरेजमध्ये आम्ही फीड पंपाच्या आधी पारदर्शक पाइपचा तुकडा बसवतो. इंजिन चालू असताना त्यात बुडबुड्यांची माळ दिसते. मग टाकीकडून एकेक जोड तपासत येतो: रबरी पाइप, क्लॅम्प, बँजो बोल्टची (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टची) तांब्याची वॉशर, फिल्टरच्या झाकणाची रिंग. तांब्याची जुनी वॉशर पुन्हा बसवायची नाही, एवढा नियम पाळला तरी निम्मे एअरचे दोष टळतात.

रस्त्यात डिझेल संपून एअर धरली तर फिल्टरवरचा हवा काढायचा ब्लीड स्क्रू ढिला करा, हाताने डिझेल चढवायचा हँड प्रायमर मारत राहा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की स्क्रू आवळा. तरी नाही पकडली तर नोझलकडचे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीकडचे) पाइपचे नट अर्धा आटा ढिले करून सेल्फ मारा. त्या वेळी हात आणि चेहरा लांब ठेवा, नोझलची धार कातडी भेदून आत जाते. थार सीआरडीईला यातले काही करू नका. तिच्या रेलमध्ये (सगळ्या नोझलना डिझेल देणाऱ्या सामाईक नळीत) हजार बारच्या वर दाब असू शकतो, तिचे पाइप चालू इंजिनवर कधीच सोडायचे नाहीत.

डिझेल नेहमीच्या, खात्रीच्या पंपावरूनच भरा. इंजिनवरच्या रोटरी पंपाच्या (नोझलना दाबाने डिझेल देणाऱ्या पंपाच्या) आतल्या भागांना वंगण डिझेलचेच असते. रॉकेल मिसळलेले किंवा पाणी असलेले डिझेल गेले की तो पंप आतून खरवडला जातो, आणि मग मात्र पंपरूमला (डिझेल पंप आणि नोझल दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपला) पाठवण्यावाचून इलाज नसतो.

धूर काय सांगतो

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. आधी एअर क्लीनर. जुन्या जीपमध्ये तो ऑइल बाथचा असतो, खालच्या वाटीत ऑइल आणि वर जाळी. वाटीत चिखलाचा थर साचला की हवा अडते. ऑइल बदलताना खुणेपर्यंतच भरा. जास्त भरले तर ते इंजिनात ओढले जाते, निळा धूर होतो आणि इंजिन स्वतःहून रेस होऊ शकते. चावी बंद करूनही थांबत नाही. तसे झाले तर ब्रेक पूर्ण दाबून धरा, वरचा गिअर टाका, क्लच सोडा आणि इंजिन दाबून बंद करा. क्लीनर स्वच्छ असूनही काळा धूर येत असेल, तर नोझल ठिबकतेय किंवा पंपाचे सेटिंग कुणी वाढवलेय. सीआरडीईमध्ये टर्बोचा फाटलेला होज आधी बघतो.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतेय. पण त्यावरून लगेच बोअर-रिंग (सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगचे मोठे काम) ठरवू नका. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी एकदाच भपका येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हच्या सीलचे काम, ते बरेच लहान असते. चढाला सतत निळा धूर आणि ऑइलचे झाकण काढल्यावर फसाफसा वाफ, मग रिंगचा संशय. तेव्हाही कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय आम्ही इंजिन उघडत नाही. चारही सिलिंडरचे आकडे तुमच्यासमोर लिहून देतो. एखादाच सिलिंडर बाकीच्यांपेक्षा फार खाली असेल तर दोष बऱ्याचदा व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेटपुरताही असतो.

मिसिंग असेल, म्हणजे एखादा सिलिंडर नीट काम करत नसेल, तर चालू इंजिनवर एकेका नोझलचा नट ढिला करतो. ज्या नटाला आवाज बदलत नाही तो सिलिंडर कामचोर. त्याची नोझल दुसऱ्या सिलिंडरला लावतो. दोष नोझलबरोबर तिकडे गेला तर नोझल खराब, जागेवरच राहिला तर कॉम्प्रेशन बघायचे. हे फक्त यांत्रिक पंपाच्या गाडीला.

पीयूसीला बीएस ४ च्या आधीच्या डिझेल गाडीसाठी धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट (धुराचा दाटपणा मोजायचे एकक) आहे, बीएस ४ साठी ५०. नोझल आणि एअर क्लीनर धड असलेली जुनी जीप यात बसायला हवी. पीयूसीपुरता पंप कमी करून नंतर पुन्हा वाढवायचे काम आम्ही करत नाही.

घाटात हीट होते

कुठे हीट होते ते नीट सांगा. कुंभार्ली किंवा आंबेनळीसारख्या घाटात कमी वेगाने चढताना काटा वर जातो आणि सपाटीला उतरतो, तर हवेचा प्रश्न: फॅन बेल्ट, फॅन, रेडिएटरच्या जाळीत बसलेली लाल माती. माती इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला पाण्याने काढायची, पुढून जोराचा फवारा मारला तर पंख वाकतात. हायवेला वेगात हीट होत असेल तर रेडिएटर आतून चोंदलाय. बोअरवेलचे पाणी वर्षानुवर्षे घातले की क्षार बसतातच, म्हणून कूलंटच वापरा.

थंड इंजिन सुरू करून मिनिटाच्या आत वरचा होज दगडासारखा कडक होतो आणि रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, तेव्हा हेड गॅसकेट. गॅसकेट बदलताना हेडची सपाटी तपासलीच पाहिजे, नाहीतर नवी गॅसकेटही टिकत नाही. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. इंजिन थंड चालते, डिझेल जास्त पिते आणि मूळ दोष तसाच राहतो. आणखी एक धोका: पाणी पूर्ण गळून गेले की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली येतो. काटा एकदम खाली आला तर आनंद मानू नका, गाडी बाजूला घ्या. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका.

फोर बाय फोर

कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकून चालवू नका. जुन्या जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीत) पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरायची मुभा नसते. वळणावर सगळा ताण क्रॉस (शाफ्टचे सांधे) आणि गिअरवर येतो आणि फोर व्हीलची दांडी अडकते. अडकली तर जोर लावू नका, थोडे रिव्हर्स घ्या, ताण सुटतो. चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे ठेवा. उलट, महिनोन्महिने फोर व्हील टाकलेच नाही तरी पुढचे सील सुकतात. अधूनमधून कच्च्या रस्त्यावर थोडे अंतर चालवा.

ओढ्यातून किंवा धरणाच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर पुढच्या-मागच्या डिफरेन्शियलचे ऑइल तपासून घ्या. गरम हाउसिंग पाण्यात बुडून एकदम थंड होते आणि ब्रीदर (हाउसिंगची हवा जायची नळी) चोंदलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढले जाते. ऑइल दुधासारखे दिसले की त्याच दिवशी बदला.

खड्डा लागल्यावर स्टेअरिंग थडथडत सुटते, तो दोष जीवावर बेतणारा आहे. त्यावर नुसता डॅम्पर (स्टेअरिंगचे थडथडणे शोषणारा शॉकर) बसवून घेऊ नका, दोष झाकला जातो आणि झीज चालू राहते. पुढचे चाक जॅकवर घेऊन वर आणि खाली धरून हलवा. हलले तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. हलणे थांबले तर व्हील बेअरिंग, चालूच राहिले तर किंगपिन (ज्यावर चाक वळते तो खिळा). डाव्या-उजव्या बाजूला धरून हलले तर टाय रॉडचे टोक. यानंतर स्प्रिंगच्या पाट्यांचे शॅकल बुश आणि टायरची हवा.

ब्रेक पेडल अचानक दगडासारखे झाले तर ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम बघावा लागतो. यातल्या बऱ्याच गाड्यांत व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागे असतो. अशी गाडी चालवत आणू नका, फोन करा, आम्ही येतो.

गाडी आणताना

सकाळी सुरू व्हायचा त्रास असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवा, आम्हाला थंड इंजिन हवे. इंजिन धुऊन आणू नका, गळतीचा माग पुसला जातो. शेवटचे काम कुठले केले आणि त्रास त्याच्या आधीचा की नंतरचा, हे कागदावर लिहून द्या. तपासणीची मजुरी वेगळी असते, पण पुढचे काम आमच्याकडे केले तर ती बिलातून वजा होते. ठरलेल्या कामापलीकडे काही निघाले तर तुम्हाला विचारल्याशिवाय हात लावत नाही. बेअरिंग, सील आणि रबरी पार्ट आम्ही ओरिजिनलच बसवतो. पत्र्याचे काम लोकल पार्टने चालेल का, ते तुम्ही ठरवा. काढलेला प्रत्येक पार्ट परत मिळेल. पंप किंवा नोझल पंपरूमला गेले असेल तर टेस्ट बेंचचा कागद बिलाला जोडलेला असेल. नसेल तर मागून घ्या.