एदोमाए सुशी

व्हिनेगर, मीठ आणि थोडी साखर मुरवलेल्या भाताचा बोटभर लांबीचा घास हाताने वळून त्यावर माशाचा काप बसवतात, ती निगिरी सुशी. एदो म्हणजे आजचे टोकियो. ‘एदोमाए’ म्हणजे एदोसमोरचा, तिथल्या उपसागरातला. सुशी म्हणजे कच्चा मासा, हा समज चुकीचा आहे. माशाच्या नुसत्या कच्च्या कापांना साशिमी म्हणतात. सुशी हे नाव आंबट चवीवरून आले आणि तो आंबटपणा भाताचा.

मुळात ही मासा टिकवण्याची युक्ती. शिगा प्रांतात बिवा सरोवराकाठी फुनाझुशी आजही घालतात: गोड्या पाण्यातला मासा काही महिने मिठात ठेवायचा, मग धुऊन भाताच्या थरांत दाबून वर्षभर आंबवायचा. भाताचे लॅक्टिक आम्ल मासा नासू देत नाही. लगदा झालेला भात मात्र निपटून टाकतात. पुढे मुरवण्याचा काळ घटला, भातही खाल्ला जाऊ लागला आणि शेवटी आंबण्याची वाटच न पाहता भातात थेट व्हिनेगर पडले. १८०४ च्या सुमारास हांदा गावच्या नाकानो माताझाएमोन याने साके या तांदळाच्या मद्याच्या चोथ्यापासून स्वस्त, लालसर व्हिनेगर काढले. एदोतल्या सुशीवाल्यांना ते सोयीचे पडले. १८२० च्या दशकात निगिरी रूढ केल्याचे श्रेय एदोतल्या र्योगोकु भागातल्या हानाया योहेईला देतात. तेव्हाचा घास आजच्या दुप्पट-तिप्पट मोठा असे.

बर्फ नव्हता, म्हणून प्रत्येक माशावर काही ना काही ‘शिगोतो’, म्हणजे काम, होई. तारलीच्या जातकुळीतला कोहादा मीठ लावून, मग व्हिनेगरमध्ये ठेवून मुरवत. वामीसारखा आनागो शिजवत. कुप्याचे, म्हणजे ट्यूनाचे, लाल मांस सोया सॉसमध्ये बुडवून ठेवत. आज सर्वांत महाग असलेला कुप्याचा चरबीदार भाग, तोरो, तेव्हा हलक्या प्रतीचा मानत, कारण त्यात सोया मुरत नसे आणि तो लवकर बिघडे.

कारागिरीची खरी परीक्षा भातात होते. आखूड दाण्याचा जपानी तांदूळ लागतो. बासमतीचा मोकळा भात वळला जात नाही. साडेचारशे ग्रॅम तांदूळ पाणी नितळेपर्यंत धुऊन अर्धा तास भिजवावा, निथळून मापास माप पाण्यात शिजवावा, दहा-पंधरा मिनिटे वाफेवर ठेवावा. ७५–८० मिली तांदळाच्या व्हिनेगरमध्ये दोन मोठे चमचे साखर व दीड छोटा चमचा मीठ विरघळवून घ्यावे. हांगिरी, म्हणजे लाकडी परात, आधी ओली करून पुसावी. कोरडे लाकूड व्हिनेगर पिते आणि भात चिकटतो. भात कढत असतानाच मिश्रण ओतावे. निवलेला भात ते शोषत नाही, मग तळाशी पाणी साचते. भातवाढणी आडवी धरून कापल्यासारखे मिसळावे, रगडले की खळ होते. पंख्याचा वारा व्हिनेगर मुरल्यावरच. त्याने दाण्याला चकाकी येते. भात अंगाइतका कोमट वापरतात. फ्रिजमध्ये ठेवला तर कडक होतो.

दुकानात या भाताला ‘शारी’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘शरीर’पासून, बुद्धाच्या अस्थींसाठीच्या बौद्ध संज्ञेतून आला. पांढऱ्या दाण्यांना अस्थिकणांची उपमा!

वळताना बोटे व्हिनेगर घातलेल्या पाण्यात जेमतेम ओली करतात. पंधरा-वीस ग्रॅम भात उचलून, कापाला वासाबी हे झणझणीत वाटण लावून, मोजक्या दाबांत आकार देतात. घास बोटांत टिकावा आणि तोंडात सुटावा. जास्त दाबला की आतली हवा जाते आणि गोळा घट्ट लागतो. ‘तीन वर्षे भात, आठ वर्षे वळणे’ ही उमेदवारीची म्हण अतिशयोक्त वाटली, तरी हा दाब वाचून येत नाही, हे खरे.

एक धोका व्हिनेगरने टळत नाही: बांगड्यासारख्या माशांतली अनिसाकिस ही अळी मीठ-व्हिनेगरमध्येही जगते. ती मारायला मासा आतपर्यंत उणे २० अंशांवर किमान २४ तास गोठवावा लागतो.

१९२३ च्या कान्तो भूकंपानंतर टोकियोचे कारागीर गावोगाव पांगले आणि एदोची ही सुशी देशभर पोचली. १९४७ मध्ये अन्नटंचाईमुळे खाणावळींवर बंदी आली, तेव्हा टोकियोच्या सुशीवाल्यांनी ‘आम्ही विकत नाही, गिऱ्हाइकाच्या तांदळाची नुसती घडाई करतो’ अशी तोड काढली. एक गो, म्हणजे १८० मिली तांदूळ आणून द्यायचा, मजुरी मोजायची आणि दहा नग न्यायचे.