मध चाटून स्वरतंतू ओले होत नाहीत

रियाजाआधी मध किंवा ज्येष्ठमध घेतलं की स्वरतंतू ओले होतात, हा समज घरोघरी आहे. पण गिळलेलं काहीच त्यांना शिवत नाही. ते श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात आणि गिळताना ती वाट बंद होते. थेंब चुकून गेलाच तर ठसका लागतो. चघळल्याने लाळ सुटते, खवखव शमते, एवढंच. मेन्थॉलच्या गोळ्या मात्र गाण्याआधी टाळाच: घशाला गार वाटतं, ताण कळत नाही आणि तारसप्तकात, म्हणजे वरच्या सुरांत, आपण जोर लावत राहतो.

ओलावा आतून, शरीरातल्या पाण्यातून येतो. म्हणून दिवसभर थोडं थोडं पाणी प्या. ऐनवेळी तांब्याभर पिऊन भागत नाही. थेट पोचते ती वाफ, 5 मिनिटं घेतली तरी पुरते. मग लगेच ताना नकोत. मिटल्या ओठांनी मध्य सा ते प, हळू गुंजन करा.